बाबांची स्विफ्ट विकताना: प्रकल्प नोंदी

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून बाबांनी गाडी काढायचं ठरवलं. काम माझ्याकडे. दादा बंगळुरूला, त्याला रोज फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे लिहीत जाते.

गाडी: स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, नोव्हेंबर २०१६, एमएच १२ पासिंग, पहिला मालक, ६८ हजार किलोमीटर. मागचा डावा दरवाजा सोसायटीच्या खांबाला घासला होता, तो रंगवलेला आहे. विमा ८ डिसेंबरपर्यंत, एनसीबी (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ५० टक्के.

जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन तासभर तपासणी करून गेला. आकडा सांगितला २ लाख ९५ हजार, तोही ‘फक्त आजच्यापुरता’. याच वर्षाच्या, याच मॉडेलच्या पुण्यातल्या जाहिराती पावणेचार ते सव्वाचार लाखांच्या आहेत. जाहिरातीतला आकडा म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत, हे मान्य. पण मधली तफावत इतकी मोठी आहे की स्वतः खटपट करून बघायला हरकत नाही. मागायचे ३ लाख ९० हजार, साडेतीनच्या खाली द्यायची नाही. बाबांना चार हवे आहेत, कारण परवाच सर्व्हिसिंगला अकरा हजार घातले. सर्व्हिसिंगचे पैसे गिऱ्हाईक देत नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

कालच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करायचं बोलून दाखवलं. मोटारींचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही, पण बाजाराचे कान टवकारलेत.

१९ ऑगस्ट

जाहिरात टाकण्याआधी कागद तपासायला घेतले, ते बरं झालं.

आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज २०२० मध्येच फिटलं, बँकेने तेव्हा एनओसीही दिली. पण ती आरटीओत नेऊन एचपी, म्हणजे आरसीवरची ही कर्जाची नोंद, उतरवायची राहून गेली. निम्म्या महाराष्ट्राची हीच कथा असेल. हप्ता संपला की माणसाला वाटतं सगळं संपलं. बोजा असलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि एनओसीची मुदत केव्हाच संपलेली.

‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर बाबांचा जुना, बंद पडलेला. म्हणजे ओटीपी कुठे जाणार? चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख घालून नंबर बदलून घेतला. पुढची सगळी कामं याच एका नंबरावर अडतात, त्यामुळे गाडी विकायची असेल त्याने पहिल्यांदा हे करावं.

ई-चलन: २०२३ चं एक बाकी निघालं, हडपसरला सिग्नल तोडल्याचं. बाबा म्हणाले, मी तोडलाच नाही. फोटोत स्विफ्ट आहे आणि आत बाबाच आहेत. भरलं.

नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. मुदत वाढत वाढत आता ३० नोव्हेंबरवर गेली असली, तरी ती प्लेट नसेल तर मालकी बदलायचं काम पुढे सरकत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. अपॉइंटमेंट घेतली.

२५ ऑगस्ट

बँकेत गेलो. नव्या एनओसीसाठी अर्जावर बाबांची सही हवी, आणि ती २०१६ च्या कर्जाच्या कागदाशी जुळली पाहिजे. तेव्हाची सही एका झटक्यात केलेली, खाली लांब रेघ ओढलेली. आता हात थरथरतो. रेघ अर्ध्यावर थांबते आणि पहिलं अक्षर दोनदा गिरवल्यासारखं दिसतं. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी धरले आणि मान हलवली. मग मॅनेजरसमोर आधार कार्ड दाखवून पुन्हा सही, त्यावर त्यांची साक्ष. एनओसी आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती गणपतीनंतर मिळतील म्हणाले.

मला यातून एक कळलं: विक्रीच्या फॉर्मवरही बाबांची सही अशीच बघितली जाणार. तिथे मी त्यांच्या वतीने काहीही करू शकत नाही, त्यामुळे व्यवहार बाबा पुण्यात असतानाच उरकायचा.

२६ ऑगस्ट

फोटो काढले. सकाळचं ऊन, गाडी धुतलेली पण पॉलिश न केलेली. चारही बाजू, बॉनेट उघडून, डिकी, स्टेपनी, मीटरचा आकडा, टायरवरचा तारखेचा कोड. रंगवलेल्या दरवाजाचा वेगळा फोटो आणि खाली एका ओळीत खुलासा. दादाचं म्हणणं, आधीच कशाला सांगायचं? कारण मेकॅनिक येऊन शोधून काढेल तेव्हा तो त्या दरवाजाचे पंधरा हजार कापेल, आणि बाकीच्या गाडीवरचा विश्वास जाईल तो निराळाच.

उद्या गणपती. दीड आठवडा कुणी फिरकणार नाही.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो आता सरळ १८ टक्के. लागू २२ सप्टेंबरपासून. १२९ चे ११८ झाले, म्हणजे नवी छोटी गाडी साधारण साडेआठ टक्क्यांनी स्वस्त.

सकाळी उठून बघते तर ज्या दोघांनी रविवारी यायचं म्हटलं होतं, त्यांतल्या एकाचा मेसेज: ‘मॅडम, नवीनच घ्यायचा विचार आहे.’ दुसऱ्याने थेट तीन लाखांचा आकडा टाकला.

नवी गाडी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते, याला कुणाचा इलाज नाही. मागणी ३ लाख ६५ वर आणली. बाबा दिवसभर गप्प होते.

९ सप्टेंबर

काल पितृपक्ष सुरू झाला. फोन येतात, चौकशी करतात आणि ‘घट बसले की बघू’ म्हणून ठेवून देतात. सात लाखांची गाडी असो की साडेतीनची, पंधरवड्यात टोकनसुद्धा कुणी देत नाही. एक जण म्हणाला, ‘मी मानत नाही हो, पण आईला विचारावं लागेल.’

एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आले. एचपी उतरवायचा अर्ज केला. प्लेटही बसली.

१२ सप्टेंबर

पितृपक्षाचं सोयरसुतक नसलेले एकच, ते म्हणजे एजंट. आज एक जण आले. गाडी दोन मिनिटांत पाहिली, भावही बरा म्हणजे ३ लाख २० हजार बोलले, पैसे आजच्या आज. मग खिशातून घडी घातलेले फॉर्म २९ आणि फॉर्म ३० काढले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे.

‘ताई, साहेबांच्या फक्त सह्या घ्या. नाव आम्ही नंतर टाकतो.’

‘कुणाचं नाव?’

‘गिऱ्हाईक मिळालं की त्याचं. सगळे असंच करतात.’

सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि या सगळ्या उपद्व्यापातला खरा धोका तोच आहे. या कोऱ्या फॉर्मवर सही दिली की गाडी आपल्या दारातून जाते, पण सरकारदरबारी बाबांच्याच नावावर राहते. एजंट ती दोन महिन्यांनी विकणार. घेणारा ती नावावर करेल, नाहीतर पुढे ढकलेल. मध्ये कुणी चालवली, कुणाला ठोकली, तर नोटीस इथे बिबवेवाडीला, आमच्या घरी येणार.

ही नुसती भीती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. ते झालं नाही तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून ठेवलं आहे. गाडी हातोहात विकली गेली होती, अपघात २००९ मध्ये झाला, आणि नोंद तेव्हाही पहिल्या माणसाच्याच नावावर होती. न्यायालयाच्या लेखी मालक तोच, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. पैसे घेतले, किल्ली दिली, पावती लिहून घेतली, यातलं काहीही अपघातात सापडलेल्या माणसाच्या दाव्यापुढे टिकत नाही.

डीलरला गाडी द्यायचीच असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याची रीतसर वाट आहे. आरटीओकडून अधिकृतता घेतलेला डीलर गाडी ताब्यात घेतल्याचं पोर्टलवर कळवतो, आणि तिथून पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. मी त्या गृहस्थांना अधिकृततेचं प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी चहा संपवला, ‘विचार करा’ म्हणाले आणि गेले.

बाबांना पटायला वेळ लागला. त्यांच्या मते माणूस सज्जन होता. असेलही. त्याच्यानंतर गाडी घेणाऱ्या माणसाला आपण कुठे ओळखतो?

आजपासून अट ठरली: दोघांच्या ओटीपीने अर्ज भरून पावती निघाली की मगच गाडी हलणार. भावात पाच-दहा हजार इकडेतिकडे चालतील, यात नाही.

१४ सप्टेंबर

‘मी आर्मीत आहे, पोस्टिंग जम्मूला, गाडी न बघता घेतो, टोकनसाठी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा.’ पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवला. पाठोपाठ गणवेशातल्या ओळखपत्राचा फोटोही आला, त्यावर नाव एक आणि फोनवर सांगितलेलं दुसरंच.

१८ सप्टेंबर

मारुतीने नवे भाव जाहीर केले. स्विफ्ट ८४ हजार ६०० रुपयांपर्यंत उतरली, सुरुवात आता ५ लाख ७९ हजारांपासून. बाबांनी पेपरातली ती जाहिरात घडी घालून ठेवून दिली, मला दिसू नये म्हणून.

२३ सप्टेंबर

काल घट बसले आणि फोन सुरू झाले. गंमत म्हणजे आता विचारणारे वेगळे आहेत. ज्यांना नवीच घ्यायची होती ते शोरूमकडे वळले. उरले ते तीन-साडेतीन लाखांत, रोख बजेटात, कर्ज न काढता घेणारे. हे गंभीर लोक आहेत आणि भरपूर प्रश्न विचारतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘ई-ट्वेंटी चालतं का?’ म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ऑगस्टपासून लोकांच्या डोक्यात तेच आहे. गाडी २०१६ ची, ई-२० साठी बनवलेले सुटे भाग एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत आले. पंपावर दुसरं पेट्रोल मिळत नाही म्हणून आम्ही तेच भरतो. ॲव्हरेज थोडं कमी झालंय, इंजिनला त्रास नाही. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलं आहे. मी हे जसंच्या तसं सांगते. ऐकणाऱ्याला बरं वाटतं की नाही ते ठाऊक नाही, पण दहा वर्षं जुन्या प्रत्येक गाडीचं हेच आहे.

दुसरा हमखास प्रश्न: ‘साहेब आहेत का?’ फोन मी घेते, गाडीचा प्रत्येक कागद मला पाठ आहे, तरी साहेबच हवेत. मग बाबा फोन घेतात आणि म्हणतात, ‘तिलाच विचारा, मला काही माहीत नाही.’

२८ सप्टेंबर, रविवार

हडपसरचे एक शिक्षक आले. सोबत बायको, मामा आणि मेकॅनिक. बोलणारे मामा, बघणारा मेकॅनिक.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी शिक्षकांचं लायसन्स पाहून फोटो काढून ठेवला. मी शेजारच्या सीटवर, दुसरी किल्ली घरी. मेकॅनिकने गाडी मुद्दाम आईमाता मंदिराच्या चढावर घ्यायला लावली. अर्ध्या चढावर थांबवली, दुसऱ्या गिअरमध्ये उचलून पाहिली, खिडकी खाली करून क्लचचा वास घेतला. काही बोलला नाही.

खाली येऊन त्याने खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं. टपावर ११०, पुढच्या दरवाजावर ११५, बॉनेटवर ११२. मागच्या डाव्या दरवाजावर टेकवलं तर २६० मायक्रॉन. मामांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिकच म्हणाला, ‘हे जाहिरातीत लिहिलंय त्यांनी.’ मग बॉनेटचे बोल्ट पाहिले, कुठे पान्याचे ओरखडे नाहीत. टायरवर २३२१, म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ‘टायर वर्षभरात बदलावे लागतील.’ बरोबर आहे. सर्व्हिस सेंटरची बिलं काढून दिली, प्रत्येक बिलावर किलोमीटर आहेत. मीटर मागे फिरवलेलं नाही याला त्याहून चांगला पुरावा नाही.

मामांनी ३ लाख १० हजारांपासून सुरुवात केली. टायर, ई-२०, नवा जीएसटी, वय, सगळं मोजून झालं. ३ लाख ३८ वर आम्ही दोघेही थांबलो. मी ठरवलेल्या साडेतीनच्या खाली गेले, पण तो आकडा ऑगस्टचा होता.

पैशाचं मात्र अडलं. मामा म्हणाले, अडीच लाख रोख देतो, उरलेले यूपीआय. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीने बंदी आहे. घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड बसतो. म्हणजे दंड बाबांना. मामांना वाटलं, मी आडून बसतेय. शिक्षकांनीच बँकेतून द्यायचं कबूल केलं. दहा हजार टोकन घेतलं, त्याची पावती दिली.

त्यांना ताबा दसऱ्याला हवा. २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंतीही, बँका बंद. एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही चालतं, पण नवा खातेदार जोडल्यावर पहिल्या दिवशी बँका मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. म्हणून बाबांचं खातं त्यांनी इथे बसल्या बसल्याच जोडलं आणि एक रुपया पाठवून खात्री केली.

१ ऑक्टोबर

एचपी उतरलेली आरसी आहे, पीयूसी आहे, प्लेट आहे, चलन शून्य. पोर्टलवर मालकी बदलायचा अर्ज भरला. बाबांचा ओटीपी इथून, शिक्षकांचा हडपसरहून फोनवर. बाबांचा पहिला ओटीपी वाचून होईपर्यंत त्याची वेळ संपली, दुसऱ्या वेळी चष्मा आधीच लावून बसले. फी भरली, पावती निघाली. फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३० वेगळा, घेणाऱ्याचं नाव-पत्ता पूर्ण भरून मगच सह्या.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ३ लाख २८ हजार खात्यात आले. मेसेजवर न थांबता बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहिली.

ताबा पावती दोन प्रतींत: गाडी क्रमांक, चासी, इंजिन, मीटर ६८,९१२, रक्कम, तारीख आणि वेळ सकाळी ११.४०. इथून पुढचे अपघात, चलन, गुन्हे यांची जबाबदारी घेणाऱ्याची, असं स्पष्ट वाक्य. वरचा निकाल असताना याने बाबा पूर्ण सुटत नाहीत, पण पोलिसांसमोर दाखवायला काहीतरी हातात राहतं. दोन साक्षीदार, मामा आणि आमचे शेजारी.

त्यांनी झेंडूचं तोरण आणलं होतं. दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, मॅन्युअल दिलं. डॅशबोर्डवरचा गणपती बाबांनी काढून घेतला.

ते वळणावरून गेल्या गेल्या फास्टॅग बंद केला. बंद केला नाही तर पाटसच्या टोलवर त्यांची गाडी आणि पैसे बाबांचे.

१३ ऑक्टोबर

बाबांच्या मोबाइलवर चलन आलं, ११ तारखेचं, मगरपट्ट्याजवळ झेब्रा क्रॉसिंगवर गाडी. नाव अजून बदललेलं नाही, त्यामुळे येणारच. शिक्षकांना ताबा पावतीच्या वेळेसह पाठवलं, त्यांनी तासाभरात भरलं आणि माफीही मागितली.

अर्जाला आरटीओकडून एक हरकत आली आहे, पत्त्याच्या पुराव्याची प्रत अस्पष्ट. ती त्यांची बाजू, त्यांनी पुन्हा चढवली.

२४ ऑक्टोबर

दिवाळीत काही हललं नाही.

३१ ऑक्टोबर

पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. पोर्टल मालकाचं नाव चांदण्यांनी झाकून दाखवतं, त्यांमधून डोकावणारी अक्षरं बदलली आहेत, मालक क्रमांक २. स्क्रीनचा फोटो काढून ताबा पावतीसोबत फाइलला लावला. ही फाइल फेकायची नाही.

१२ नोव्हेंबर

परवा दिल्लीत लाल किल्ल्याजवळच्या गाडीत स्फोट झाला. ती गाडी अनेक हातांतून गेलेली होती आणि पोलिस माग काढत आधी पहिल्या मालकाच्या दारात पोचले. बाबांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, ‘ती फाइल कुठे ठेवलीस?’

विम्याचं काम राहिलं होतं ते आज झालं. पॉलिसी शिक्षकांच्या नावावर गेली, पण एनसीबी गाडीबरोबर जात नाही, ती माणसाची असते. त्यामुळे ५० टक्क्यांच्या सवलतीचा फरक त्यांना भरावा लागला. त्यांनी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायला हवं होतं, कळवलं उशिरा, पण झालं. बाबांना एनसीबीचं पत्र मिळालं, तीन वर्षं चालेल. दादा विचारत होता, ते माझ्या गाडीला लावता येईल का? नाही. ज्याच्या नावाचं पत्र त्याच्याच नावाच्या गाडीला.

बाबांना आता गाडी घ्यायची नाही. तरीही पत्र लॅमिनेट करून घे म्हणाले.